तेराव्यानंतरचे दिवस

गावात कुणाच्या घरी मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. भावकीतून भाकरीची टोपली येते, शेजारून पिठल्याचे पातेले येते. बायका आईच्या जवळ बसून राहतात, पुरुष ओसरीवर बसतात. सावडणे होते, दहावा होतो, तेरावा होतो, सोयरे दुखवटा घालून आपापल्या गावी जातात. ही आपली जुनी रीत मोठी शहाणी आहे. ज्याच्यावर आभाळ कोसळले त्याला एकटे सोडायचे नाही, एवढे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते.

परंतु ज्या घरातले लेकरू गेले, त्या घराला ही रीत पुरी पडत नाही. लहान मुलाला बहुतेक समाजांत पुरतात. त्याचा दहावा-तेरावा पुष्कळ ठिकाणी होतच नाही. चार दिवसांत माणसे पांगतात. पेरणी थांबत नाही, जनावरे दावणीला हंबरतात, डेअरीवर दूध घालायची वेळ टळत नाही. जो तो म्हणतो, ‘आता सावरा.’ आणि आईबापांचे खरे कठीण दिवस नेमके तिथून पुढे सुरू होतात. या लेखात त्या दिवसांविषयी लिहावयाचे आहे. अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो.

दगडू, धोंडू आणि कचरू

आपल्या जुन्या सातबाऱ्यांवर नजर टाका. दगडू, धोंडीबा, कचरू, केरू, भिकू अशी नावे दर पानावर सापडतील. आज शाळेतली मुले या नावांना हसतात. पण ज्या आईची एकापाठोपाठ एक लेकरे गेली, तिने पुढच्याला दगडाचे नाव ठेवले, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर पडू नये आणि दगडासारखे ते टिकावे. या नावांत आपल्या पणज्यांचा शोक लपलेला आहे.

तो काळ फार जुना नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्या वेळी त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे दर सहा मुलांमागे साधारण एक. हगवण, धनुर्वात, गोवर, न्यूमोनिया आणि या सगळ्यांच्या मुळाशी उपासमार व घाणेरडे पाणी. आरोळे दांपत्याने गावातल्याच बायका निवडल्या, त्यातल्या बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या, सर्व जातींच्या. त्यांना शिकवले आणि गावचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, बाळंतपणात नाळ कशाने कापावी, कोणते मूल वजनात मागे पडते आहे, हे त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या. वीस-बावीस वर्षांत त्या गावांतले बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जामखेडचे काम पाहायला देशोदेशीची माणसे येऊ लागली.

राज्याचे चित्रही पालटले. २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा बालमृत्यूदर हजारी १६ नोंदला गेला. ही फार मोठी कमाई आहे. मात्र तिच्या मागे एक गोष्ट राहून गेली आहे. ज्या काळी घरटी एक लेकरू जात होते, त्या काळी दुःख कमी नव्हते, पण दुःखाला सोबत होती. पाणवठ्यावर बाजूला उभ्या असलेल्या बाईचेही एखादे गेलेले असे. जात्यावर बसले की ते ओवीतून बाहेर येई. आज ज्या आईचे मूल जाते, तिच्या आळीत तिच्यासारखी दुसरी नसते. सगळ्यांची मुले शाळेत जाताना तिला दिसतात. तिच्याशी काय बोलावे हे कुणाला कळत नाही, म्हणून माणसे तिला टाळतात. मरण कमी झाले आणि ज्याच्या वाट्याला ते आले तो मात्र अधिक एकटा पडला.

मरणाचे रूपही बदलले आहे. आज काही लेकरे जातात ती लांबलेल्या आजाराने. रक्ताचा कर्करोग, जन्मजात हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, थॅलेसेमिया. वर्ष-दोन वर्षे आईबाप नगर, पुणे, मुंबई अशा खेपा घालतात. यातली पुष्कळ मुले आता वाचतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वेळेवर आणि पुरे उपचार झाले तर बहुसंख्य मुले बरी होतात, म्हणून उपचार अर्ध्यावर कुणीही सोडू नयेत. तरीही काही जातात. मग आईबाप मोकळ्या हातांनी गावी परततात. तोवर गोठ्यातली जनावरे विकली गेलेली असतात, शेत पडीक असते, सोसायटीचे कर्ज थकलेले असते. दोन वर्षे ज्यांचा दिवस औषधाच्या वेळांवर चालला, त्यांना सकाळी उठून करायचे काय हेच कळत नाही.

चौंडीची लेक

याच जामखेड तालुक्यात चौंडी हे गाव आहे. तिथले पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. २०२४ साली आपल्या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा राज्यकारभार, त्यांनी बांधलेली मंदिरे, घाट आणि विहिरी सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या मूल गमावलेली आई होत्या, हे आपण सहसा आठवत नाही.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. गादीवर बसलेला एकुलता मुलगा मालेराव वर्ष उलटण्याआधीच आजारी पडला. त्याच्या मनाचा तोल गेला होता. माळव्याचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने नोंदवून ठेवले आहे की अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या बिछान्याशी बसून असत. बाधा झाली असे समजून त्या बाधेलाही त्या विनवीत होत्या. १७६७ साली मालेराव गेला. राज्याची मालकीण होती, वैद्य होते, पैसा होता. उपयोग झाला नाही.

त्यानंतर त्यांनी अठ्ठावीस वर्षे राज्य केले. माल्कमने त्यांचा दिनक्रम दिला आहे. पहाटे उजाडण्याच्या आधी उठणे, पूजा, पोथी ऐकणे, दानधर्म, दुपारपासून संध्याकाळपर्यंत कचेरी, रात्री पुन्हा काम. दिवसाला असा बांध घातलेला होता. शेतकऱ्याला बांधाचे महत्त्व सांगायला नको. बांध नसला तर पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

उतारवयात पुन्हा घाला आला. लेक मुक्ताबाई हिचा तरुण मुलगा गेला. मग १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती गेली. आईने पाया पडून विनवले, लेक ऐकली नाही. त्या वेळी दोघांनी अहिल्याबाईंना धरून ठेवले होते आणि त्या आपलेच हात चावत होत्या, असे माल्कम लिहितो. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कुणाशी शब्द बोलल्या नाहीत. पुढे गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी वास्तू बांधवली आणि त्या कामात त्यांना काहीसा विसावा मिळाला. १७९५ साली त्या स्वतः गेल्या.

ही हकीकत सांगण्याचा हेतू नीट ध्यानात घ्यावा. ‘अहिल्याबाईंनी सोसले, मग तुला काय झाले?’ असे कुठल्याही आईला म्हणायचे नाही. उलट, एवढी थोर बाई, पण तीही कोसळली, अन्नाला शिवली नाही, मुकी झाली. मग साध्या घरातली माउली महिनोन्‌महिने सावरली नाही, तर त्यात लाज कसली? दुसरी गोष्ट अशी की त्यांच्या दुःखाला कामाची सोबत होती, कामाने दुःख पुसले गेले नव्हते. चोवीस वर्षांनी आलेला घाव पहिल्याइतकाच खोल गेला.

आईचे दुःख, बापाचे दुःख

आई रडते ते लोकांना दिसते. बाप रडत नाही. तो सरणाची, खड्ड्याची व्यवस्था बघतो, दवाखान्याचे बिल भागवतो आणि चौथ्या दिवशी औत जुंपतो. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला गेला की अंधारात पाटाच्या कडेला बसून रडतो, आणि डोळे धुऊन घरी येतो. बायकोला वाटते, याला काहीच वाटत नाही. त्याला वाटते, मी रडलो तर हिला कोण सावरील? एका छपराखाली दोघे दोन गावची माणसे होऊन जातात. पुष्कळ संसार मुलाच्या मरणाने नव्हे, तर या न बोलण्याने खचतात.

नगरला कित्येक वर्षे राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अपत्यवियोगावर एक दीर्घ कविता लिहिली. तिचे नाव ‘बापाचे अश्रू’. बापालाही अश्रू असतात, हे इतक्या वर्षांपूर्वी एका बापाने उघडपणे लिहून ठेवले, ही गोष्ट आपल्या पुरुषमंडळींनी लक्षात ठेवावी. आणि बायकांनीही नवऱ्याचे कोरडे डोळे पाहून त्याच्या काळजाचा हिशोब करू नये. दोघांची वाट वेगळी असेल, पण दिवसातून एकदा, रात्रीची भाकरी झाल्यावर का होईना, मुलाचे नाव दोघांच्या तोंडून यावे.

कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कुटुंबांची स्थिती याहून अवघड. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि पाडव्याच्या पुढेमागे परतायचे. तिकडे फडावर लेकरू गेले तर भावकी नाही, आळी नाही, आणि उचल फेडायची म्हणून दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधायच्या. अशा कुटुंबाचा दुखवटा गावी परतल्यावर करावा. पाच महिने उलटले म्हणून ‘आता कशाला’ म्हणू नये.

दूरदेशीचा अनुभव

आईबापांचे पुढे काय होते, याचा अभ्यास काही देशांत झाला आहे. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या एकवीस हजारांवर आईबापांची माहिती तपासली गेली आणि ती २००३ साली प्रसिद्ध झाली. इतर आयांच्या मानाने या आयांमध्ये मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दीडपट आढळले. पहिल्या तीन वर्षांत अपघात, आत्महत्या अशा अनैसर्गिक मृत्यूंचे प्रमाण तर पावणेचार पटींवर होते. बापांमध्येही पहिल्या काळात असे मृत्यू वाढलेले दिसले. आणि आजाराने होणारे आयांचे मृत्यू दहा-अठरा वर्षांनंतर वाढलेले दिसले. म्हणजे शोक मनात घर करतो तसा तो शरीरालाही पोखरतो, आणि फार काळ पोखरतो. तेरा दिवसांचा हा मामला नव्हे.

स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गेलेल्या शेकडो आईबापांना चार ते नऊ वर्षांनी प्रश्न विचारण्यात आले. चार-सहा वर्षांपर्यंत काळजी आणि उदासी इतर आईबापांपेक्षा जास्त होती. सात ते नऊ वर्षांच्या पुढे मात्र ती इतरांइतकी खाली आलेली आढळली. यात मोठा दिलासा आहे. वेळ लागतो, पण माणूस पुन्हा उभा राहतो. मुलाच्या आजारातच ज्यांना आपले दुःख कुणाजवळ बोलता आले, त्यांना ते पुढे पेलणे सोपे गेले.

त्याच अभ्यासात आणखी एक प्रश्न होता. मूल वाचणार नाही हे कळल्यावर तुम्ही त्याच्याशी मरणाविषयी बोललात का? १४७ आईबाप बोलले होते. त्यांतल्या एकालाही पस्तावा झाला नाही. २५८ बोलले नव्हते. त्यांतल्या ६९ जणांना ‘बोलायला हवे होते’ ही रुखरुख लागून राहिली. आपल्याकडे असे बोलणे अभद्र मानतात. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला सगळे कळत असते. आईबाप खोटे हसतात म्हणून तेही खोटे हसते. ते विचारील तेव्हा खरे, मऊ शब्दांत आणि हात हातात घेऊन सांगावे. सगळेच आईबाप हे करू शकणार नाहीत, आणि न बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना पस्तावा झालेला नव्हता, हेही तितकेच खरे.

शब्दांचे घाव

सांत्वनाला गेलेली माणसे चांगल्या मनाने बोलतात, पण काही वाक्ये सुरीसारखी लागतात. ‘देवाला आवडला.’ ‘दुसरे आहे ना, त्याच्याकडे बघ.’ ‘लवकर पाळणा हलू द्या.’ ‘आधीच पुण्याला न्यायला हवे होते.’ यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत वाईट. आईबाप स्वतःला तेच हजार वेळा विचारत असतात. रक्ताचा कर्करोग कुणाच्या चुकीने, खाण्यापिण्याने किंवा पाळलेल्या न पाळलेल्या उपासाने होत नाही.

आणि ‘हिचा पायगुण’, ‘कुणाची करणी’, ‘खानदानाला शाप’ ही भाषा तर तोडून टाकावी. त्यातून शेजाऱ्याशी वैर होते, सुनेचा छळ होतो, देवऋष्याच्या हाती उरलेले चार पैसे जातात. आजार आनुवंशिक असेल, जसा थॅलेसेमिया, तर त्याला उपाय गंड्यादोऱ्यात नाही. पुढच्या गरोदरपणाआधी नवरा-बायको दोघांचे रक्त तपासून घ्यावे. पुढचे मूल हवे की नको आणि केव्हा, हे त्या दोघांना ठरवू द्यावे. गेलेल्याची जागा भरायला आणलेल्या मुलाच्या खांद्यावर जन्मतःच फार मोठे ओझे पडते.

गावाने काय करावे

यासाठी पैसा लागत नाही. पुढील गोष्टी कुठल्याही गावाला जमतील.

पहिली गोष्ट, तेराव्यानंतर जात राहावे. आळीतल्या दोघी-तिघींनी वार वाटून घ्यावेत. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी. बोलायला काही सुचले नाही तर शेंगा फोडायला बसावे, धान्य निवडू लागावे. गावातल्याच बाईने दुसरीच्या चुलीशी जाऊन बसायचे, ही जामखेडची रीत शोकालाही लागू पडते. आशाताईंनी घरभेटीच्या वेळी या घरावरून तसेच पुढे जाऊ नये.

दुसरी, मुलाचे नाव घ्यावे. लोकांना वाटते, नाव काढले तर आठवण होईल. आई विसरलेलीच नसते, आठवण कसली होणार? ‘तुमचा गोट्या पोळ्याला बैलाची शिंगे रंगवायचा,’ एवढे कुणी म्हटले तर ती रडेल, पण लेकराला कुणी विसरले नाही म्हणून तिला बरे वाटेल.

तिसरी, वर्षातले अवघड दिवस ओळखावेत. मुलाचा वाढदिवस, गेल्याची तिथी, पहिली दिवाळी, राखीपौर्णिमा, शाळा उघडण्याचा दिवस, आणि पुढे त्याच्या बरोबरीची मुले दहावी होतात तो दिवस. त्या दिवशी कुणीतरी त्या घरी असावे.

चौथी, हाताला हात लावावा. सावडीने औत चालवतो तसे त्या वर्षी त्यांचे शेत सर्वांनी मिळून पेरून द्यावे. दवाखान्याचे कर्ज असेल तर जाणत्या माणसाने बँकेत, सोसायटीत बरोबर जावे. शोकात माणसाला कागद वाचता येत नाही.

पाचवी, राहिलेल्या लेकरांकडे लक्ष द्यावे. भाऊ किंवा बहीण गेलेले मूल दोनदा पोरके होते. भावंड जाते आणि आईबापही त्याच्याकडे बघेनासे होतात. ‘माझ्यामुळेच झाले का?’ असे त्याच्या मनात येते. शाळेतल्या गुरुजींनी, बाईंनी त्याला जवळ घ्यावे, आणि घरच्यांनी त्याला स्पष्ट सांगावे की यात तुझा काही दोष नाही.

डॉक्टरकडे केव्हा जावे

रडू येणे, झोप न लागणे, मुलाची हाक ऐकू आल्यासारखी वाटणे, त्याचा सदरा उशाला घेऊन निजणे, हे वेड नव्हे. सुरुवातीच्या महिन्यांत हे होतेच. परंतु सहा महिने उलटून गेले, तरी अन्नावर वासना नाही, अंघोळ-वेणी नाही, घराबाहेर पाऊल नाही, राहिलेल्या लेकरांकडे लक्ष नाही, अशी स्थिती असेल तर मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाला वेगळे स्थान दिले आहे. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत. बाप रोज दारू पिऊ लागला, तर तोही शोकच समजावा आणि वेळीच आवरावा.

‘मलाही त्याच्याकडे जायचे आहे,’ असे कुणी म्हणाले तर सहा महिने थांबू नये. त्याच दिवशी जवळ बसावे, सरळ विचारावे, एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरातून हलवून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावीत. सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. तिथे जाण्यात कमीपणा नाही. पाय मोडला तर आपण हाडवैद्याकडे जातोच.

सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. पुष्कळ आईबाप मुलाच्या नावाने एक झाड लावतात, शाळेला पुस्तके देतात, दिंडीला एक वेळची पंगत देतात. कुणाला यातले काहीच करावेसे वाटत नाही, तेही ठीकच आहे. एक दिवस असा येतो की घरात पुन्हा हसू उमटते आणि आई दचकते, ‘मी हसले कशी?’ त्या दिवशी तिला कुणीतरी सांगावे, की हसलीस म्हणून लेकरू दूर गेले नाही. आपल्या आळीत असे घर असेल, तर येत्या आठवड्यात एकदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा.